नकाशाला रक्त का लागलं नव्हतं?

वाचक विचारतात : कायदा

(साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयात फौजदारी बाजूचं काम केलेल्या एका निवृत्त वकीलबाईंचं हे सदर. या वेळी देशाविरुद्धचे गुन्हे, त्यांतल्या शिक्षा, अपील आणि पुरावा यांवर आलेली पत्रं घेतली आहेत.)

प्रश्न : मी जावळी तालुक्यातला. तुकाराम ओंबळे आमच्या केडंबे गावचे. कसाबला फाशी झाली, पण त्याच खटल्यातले दोन भारतीय आरोपी खालच्या कोर्टापासून सुप्रीम कोर्टापर्यंत निर्दोष सुटले. देशावर हल्ला झालेला असताना कोर्ट इतकं बारीक कशाला बघत बसतं? हा ओंबळे यांच्या बलिदानाचा अपमान नाही का?
— एक वाचक, मेढा

उत्तर : पत्र केडंब्याच्या माणसाचं आहे, म्हणून सगळ्यांत आधी तेच घेते. तुमचा संताप मला समजतो. पण अपमान झालेला नाही, आणि का नाही ते नीट सांगायला जागा लागेल.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीच्या नाक्यावर ओंबळे यांनी कसाबची रायफल हातांनी धरून ठेवली. गोळ्या अंगावर घेतल्या, पण पकड सोडली नाही. म्हणून तो जिवंत सापडला. त्याच्याबरोबर आलेले बाकीचे नऊ मारले गेले. आरोपी जिवंत सापडल्यामुळेच त्याच्यावर खटला चालला आणि सगळ्या जगासमोर एकेक पुरावा मांडता आला. नाक्यावरच्या इतर पोलिसांनी साक्षी दिल्या. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर वृत्तपत्राच्या छायाचित्रकाराने जीव धोक्यात घालून काढलेले फोटो होते. दंडाधिकाऱ्यांपुढे दिलेला कबुलीजबाब होता. खटला चालू असताना कसाबने मध्येच गुन्हा कबूल केला आणि नंतर तो फिरला. तरीही न्यायालयाने नुसत्या कबुलीवर काम आटोपलं नाही, पुरावा शेवटपर्यंत नोंदवला. विशेष न्यायालयाने मे २०१० मध्ये दोषी धरलं, मुंबई उच्च न्यायालयाने २१ फेब्रुवारी २०११ ला फाशी कायम केली, सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ ला. भारत सरकारविरुद्ध युद्ध पुकारणं, म्हणजे त्या वेळच्या भारतीय दंड संहितेचं कलम १२१, हा त्यातला मुख्य आरोप होता.

आता ते दोघे. पोलिसांचं म्हणणं असं, की त्यांतल्या एकाने मुंबईतल्या ठिकाणांचे हाताने नकाशे काढले, दुसऱ्याकडे दिले आणि त्याच्याकडून ते सीमेपलीकडे गेले. पुरावा म्हणून एक नकाशा हजर केला. तो कसाबचा साथीदार इस्माईल याच्या पँटच्या खिशात सापडला, असं सांगितलं. नेपाळमध्ये एकाने दुसऱ्याला नकाशा देताना मी पाहिलं, असं सांगणारा एक साक्षीदारही होता. हे खरं मानलं, तर दोघेही कटात आले आणि तेवढ्याच कठोर शिक्षेला पात्र ठरले.

पण इस्माईल त्या नाक्यावर गोळ्या लागून मेला होता. त्याचे कपडे रक्ताने भिजले होते. आणि त्याच कपड्यांच्या खिशातून निघालेल्या कागदावर रक्ताचा डाग नव्हता. खिशात इतका वेळ राहिलेला, गोळीबारातून, गाडीतून, झटापटीतून गेलेला कागद चुरगळलेलाही नव्हता. न्यायालयाने तो कागद हातात घेऊन पाहिला आणि त्यावर विश्वास ठेवायला नकार दिला. नेपाळच्या साक्षीवरही ठेवला नाही. सरकारने सुटकेविरुद्ध उच्च न्यायालयात अपील केलं, तिथे हरलं. सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथेही हरलं.

मी उमेदीची सगळी वर्षं पंचनामे वाचण्यात घालवली. पंचनामा हातात आला की मी आरोपीचं नाव नंतर वाचायची. आधी वेळ : किती वाजता सुरू केला, किती वाजता संपवला. मग पंच कुठले, घटनेच्या जागेपासून किती लांब राहणारे. मुद्देमालाला सील कोणी केलं, लेबलवर पंचांच्या सह्या आहेत का, आणि सीलची मोहोर त्यानंतर कोणाच्या ताब्यात राहिली. एका खुनाच्या खटल्यात पंचाने उलटतपासणीत सांगितलं की सही चहाच्या टपरीवर केली, खोलीत मी गेलोच नाही. मेलेल्या माणसाची आई त्या वेळी कोर्टात बसलेली होती. तिला वाटलं, वकीलबाई आरोपीला वाचवतायत. तिचा चेहरा मला आजही दिसतो. पण तिच्या मुलाला न्याय मिळण्यात आडवा आला तो टपरीवर बसून केलेला पंचनामा.

जिथे सगळा देश दुखावलेला असतो, तिथे असा कागद जास्त सहज खपतो. कोणी विचारत नाही. विचारणाऱ्यालाच विचारतात, तू कोणाच्या बाजूचा? म्हणून देशाविरुद्धच्या गुन्ह्यात अपिलाच्या न्यायालयाने जास्त बारीक बघायला हवं असं माझं ठाम मत आहे. ओंबळे यांनी प्राण देऊन जो पुरावा मिळवून दिला, तो तिन्ही न्यायालयांत एक इंचही हलला नाही. नकाशा हलला. विशेष न्यायालयाचे हे दोन्ही निर्णय एकाच निकालपत्रात आहेत, एकाच न्यायाधीशाच्या सहीचे. बाहेरच्या जगाने कसाबच्या खटल्यावर फारसं बोट ठेवलं नाही, त्यामागे हेही एक मोठं कारण आहे. केडंब्याला हे जरूर सांगा.

प्रश्न : पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुराव्यात चालत नाही, असं आम्हाला वर्गात शिकवतात. मग संसद हल्ल्याच्या खटल्यात आरोपींचे कबुलीजबाब कसे आले? आणि अपिलात त्यांचं काय झालं?
— कायद्याची विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : सर्वसाधारण नियम तुम्ही म्हणता तोच. १८७२ च्या पुरावा कायद्यात तो कलम २५ आणि २६ मध्ये होता, आता भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम २३ मध्ये आहे. पण टाडा आणि पोटा या दोन खास दहशतवादविरोधी कायद्यांनी त्याला अपवाद केला होता, आणि महाराष्ट्रातल्या मोक्का या संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या कायद्यात आजही पोलीस अधीक्षकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची कबुली चालते. संसद हल्ल्याचा खटला पोटाखाली चालला.

या खटल्याचा निकाल विद्यार्थ्यांनी मुळातून वाचावा, कारण चार आरोपींचं चार प्रकारे झालं. विशेष न्यायालयाने डिसेंबर २००२ मध्ये तिघांना फाशी दिली आणि चौथ्या आरोपीला, जी तिघांपैकी एकाची पत्नी होती, पाच वर्षांची कैद. उच्च न्यायालयाने २००३ मध्ये ती बाई आणि दिल्लीच्या कॉलेजात शिकवणारे एक अध्यापक, अशा दोघांना सोडलं. ४ ऑगस्ट २००५ ला सर्वोच्च न्यायालयाने पोटाखालचे कबुलीजबाब बाजूला काढले. कायद्याने सांगितलेली काळजी घेतली नव्हती : वकिलाला भेटू देणं, हक्क समजावून सांगणं, कबुलीनंतर पुन्हा पोलिसांच्या ताब्यात न पाठवणं. ते काढल्यावर फाशी झालेल्या तिघांपैकी अफझल गुरूविरुद्ध काय उरतं, हे न्यायालयाने स्वतंत्रपणे तपासलं. मेलेल्या हल्लेखोरांशी झालेले फोन, त्यांची राहण्याची ठिकाणं दाखवणं, लॅपटॉप. त्यावर त्याची फाशी कायम राहिली. तिसऱ्याची, म्हणजे त्या बाईच्या नवऱ्याची, फाशी उतरून दहा वर्षं झाली, कारण त्याला कटाची माहिती होती आणि त्याने ती दडवली एवढंच शाबीत झालं. अध्यापकाबद्दल न्यायालयाने संशय राहतो असं लिहिलं, तरीही सुटका कायम ठेवली.

फाशीच्या कोठडीतला माणूस अपिलात पूर्ण सुटतो, हे ज्या न्यायव्यवस्थेत घडू शकतं तिचा मला अभिमान वाटतो. त्याचबरोबर जवळपास दहा महिने तो माणूस त्या कोठडीत होता, याचं दुःखही वाटतं.

परीक्षेसाठी एक गोष्ट लक्षात ठेवा. फोनच्या नोंदींना प्रमाणपत्र नसलं तरी चालेल, असं २००५ च्या या निकालात म्हटलं होतं. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवलं, आणि २०२० मध्ये आपल्या जालन्याच्या एका निवडणूक वादात पुन्हा पक्कं केलं की इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या नकलेला प्रमाणपत्र हवंच. जुनं कलम ६५-ब, आता ६३.

प्रश्न : मी इतिहास शिकवतो. छत्रपती प्रतापसिंह महाराजांवर इंग्रजांविरुद्ध कट केल्याचा आरोप ठेवून त्यांना पदच्युत केलं. रंगो बापूजींनी लंडनमध्ये वर्षानुवर्षं त्याविरुद्ध झगडा दिला. आजच्या अपिलाच्या कसोटीवर तो पुरावा टिकला असता का? मुलं विचारतात.
— एक शिक्षक, वाई

उत्तर : तुमच्या मुलांना माझा नमस्कार सांगा. साताऱ्यात वाढलेल्या प्रत्येकाने हा प्रश्न एकदा तरी विचारावा. प्रतापसिंह हायस्कूलवरून रोज जाणाऱ्यांनाही महाराजांवर नेमका आरोप काय होता, ते सहसा ठाऊक नसतं.

आरोप तीन होते. साताऱ्यातल्या तेविसाव्या पलटणीच्या देशी अंमलदारांना फितवलं, गोव्याच्या पोर्तुगीज सरकारशी संधान बांधलं, आणि नागपूरच्या पदच्युत अप्पासाहेब भोसल्यांशी संबंध ठेवला. १८१९ च्या तहाप्रमाणे महाराजांना कंपनीच्या परवानगीशिवाय बाहेर पत्रव्यवहार करता येत नव्हता, त्यामुळे हे शाबीत झालं तर राज्य जाणार हे उघड होतं. १८३६ मध्ये तिघांचं कमिशन बसलं : रेसिडेंट लॉडविक, मुंबई सरकारचे सचिव विलोबी आणि ओव्हान्स. हा लॉडविक म्हणजे महाबळेश्वरचा पॉइंट ज्याच्या नावाने ओळखतात तोच. कमिशनचं काम गुप्तपणे चाललं. साक्षीदार महाराजांच्या मागे तपासले गेले. महाराज पुराव्याची नक्कल मागत राहिले, ती त्यांना दिली गेली नाही.

इथेच थांबून मुलांना विचारा : काय आरोप आहे आणि कोण काय बोललं, हे कळल्याशिवाय माणूस बचाव कसा करणार? आजच्या फौजदारी खटल्यात तीन गोष्टी झाल्या नाहीत तर अपिलात शिक्षा उभी राहणं फार कठीण. आरोपीला पुराव्याच्या नकला मिळायला हव्यात. त्याच्या वकिलाला साक्षीदारांची उलटतपासणी घेता यायला हवी. आणि विरुद्ध आलेली प्रत्येक महत्त्वाची गोष्ट न्यायाधीशाने आरोपीपुढे ठेवून, यावर तुमचं काय म्हणणं, असं विचारायला हवं. हे शेवटचं जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलमावरून वकिलांच्या भाषेत अजून ‘तीनशे तेराचा जबाब’ म्हणूनच चालतं, जरी नव्या संहितेत आता ते कलम ३५१ झालं आहे. महाराजांच्या बाबतीत यांतली एकही गोष्ट धड झाली नाही.

त्यापुढची कसोटी साथीदाराच्या साक्षीची. कटातल्या आरोपात बहुतेक वेळा आतलाच कोणीतरी फुटतो आणि सरकारचा साक्षीदार होतो. त्याची साक्ष कायद्याने बाद नाही, पण तिला स्वतंत्र दुजोरा असल्याशिवाय न्यायालयं सहसा त्यावर शिक्षा देत नाहीत, कारण स्वतःची मान सोडवण्यासाठी दुसऱ्याची अडकवणं हे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. पलटणीच्या अंमलदारांपुढे महाराज असं बोलले, तसं बोलले, ही सगळी तोंडी साक्ष होती. ज्याच्या दरबारात एवढे कारकून, त्याच्या हातचा एक निःसंशय कागद समोर ठेवणं हे काम आरोप करणाऱ्याचं होतं.

आणि एक प्रसंग मला सगळ्यांत बोलका वाटतो. १८३९ मध्ये गव्हर्नर कार्नॅक स्वतः साताऱ्याला आला आणि महाराजांपुढे त्याने तडजोड ठेवली : या कागदावर सही करा, झालं गेलं विसरू, राज्य तुमचंच राहील. कागदाच्या प्रस्तावनेत गुन्ह्याची कबुली गुंफलेली होती. महाराजांनी सही केली नाही. राज्य राखायचं तर एक सही पुरेशी होती. ५ सप्टेंबर १८३९ ला त्यांना गादीवरून काढलं, काशीला नेलं, आणि १८४७ मध्ये तिथेच त्यांचा अंत झाला. सही न करणं हा निर्दोषपणाचा पुरावा होत नाही, हे वकील म्हणून मला माहीत आहे. पण एवढं मोठं आमिष नाकारणाऱ्याची बाजू ऐकून घ्यायला हवी होती, हे सांगायला वकील असण्याचीही गरज नाही.

रंगो बापूजी ज्या दारात गेले ते अपिलाचं न्यायालय नव्हतं. ती कंपनीची स्वतःचीच सभा होती. ज्यांनी राजाला काढलं, त्यांच्याच संचालकांपुढे आणि भागीदारांपुढे दाद मागायची. जोसेफ ह्यूमसारखे पार्लमेंटचे सभासद महाराजांच्या बाजूने उभे राहिले. कमिशनवर बसलेला लॉडविक पुढे त्यांच्या बाजूने बोलला, हेही मुलांना सांगा. तरी मतदानात काही हाती लागलं नाही. रंगो बापूजी १८५३ पर्यंत तिथे राहिले. दरम्यान १८४८ मध्ये राज्यच खालसा झालं होतं.

मग १८५७ चा उठाव. ८ सप्टेंबर १८५७ ला साताऱ्यात गेंडामाळावर सतरा जणांना मारलं : पाच फाशी, सहा तोफेच्या तोंडी, सहा गोळ्या घालून. त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. शिक्षा आणि अंमलबजावणी यांच्यात अपिलाची पायरीच ठेवलेली नव्हती. रंगो बापूजी इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत. मुलांना साताऱ्याच्या चार भिंतीवर, म्हणजे हुतात्मा स्मारकावर, न्याल तेव्हा तिथून हा सगळा इतिहास दाखवता येईल.

प्रश्न : घोषणा दिली, कविता लिहिली किंवा मोबाईलवर काही टाकलं, एवढ्यावर शिक्षा होऊ शकते का? बाबाराव सावरकरांना कवितांवरून जन्मठेप झाली होती ना?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : झाली होती. नाशिकच्या सेशन्स न्यायालयाने ८ जून १९०९ ला काळ्या पाण्याची शिक्षा दिली, ती सुद्धा युद्धाला चिथावणी दिल्याच्या कलम १२१ खाली. पुरावा म्हणजे छापलेल्या कवितांची पुस्तिका. अपील मुंबई उच्च न्यायालयात चंदावरकर आणि हीटन यांच्यापुढे आलं. देव, दैत्य आणि जुने राजे यांची नावं घेऊन सांगितलेलं आजच्या सरकाराला उद्देशून आहे, असा अर्थ न्यायालयाने काढला, आणि चिथावणीच्या गुन्ह्यासाठी प्रत्यक्ष युद्ध झालेलं असायला हवं असं नाही, असं ठरवलं. ८ नोव्हेंबर १९०९ ला अपील फेटाळलं. चंदावरकर मराठी चांगलं जाणणारे होते, म्हणजे कवितांचा अर्थ न कळल्यामुळे शिक्षा झाली असंही म्हणता येत नाही. माझ्या मते ती शिक्षा अन्यायाची होती, कारण ओळींपलीकडे कोणतीही कृती समोर आलेली नसताना माणसाचं उभं आयुष्य घेतलं.

त्याच्या आदल्या वर्षी लोकमान्यांच्या खटल्यात त्यांच्या घरझडतीत सापडलेलं एक पोस्टकार्ड पुराव्यात आलं होतं. त्यावर स्फोटकांवरच्या दोन पुस्तकांची नावं लिहिलेली. स्फोटकांच्या नव्या कायद्यावर लिहिण्यासाठी ती हवी होती, असं टिळकांचं म्हणणं. ज्यूरी सात विरुद्ध दोन अशी फुटली आणि सहा वर्षं मंडालेला. पुस्तकाचं नाव टिपून ठेवणं यावरून मनातला हेतू सिद्ध करायला निघालं की कोणाच्याही घरात पुरावा सापडतो.

आजची स्थिती पुष्कळ वेगळी आहे. १९६२ मध्ये केदारनाथ सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सरकारवर कितीही कडक टीका हा राजद्रोह नाही, हिंसेला किंवा सार्वजनिक अशांततेला चिथावणी हवी. १९९५ मध्ये बलवंत सिंग खटल्यात हे प्रत्यक्षात दिसलं. ३१ ऑक्टोबर १९८४, इंदिरा गांधींची हत्या झाली त्याच दिवशी, चंदीगडमध्ये एका चित्रपटगृहाबाहेर दोघा सरकारी नोकरांनी फुटीर घोषणा दिल्या. शिक्षा झाली. अपिलात सर्वोच्च न्यायालयाने पाहिलं की घोषणा एक-दोनदाच दिल्या, कोणी साथ दिली नाही, काही बिघडलं नाही. दोघे सुटले. त्या दिवसाची आठवण असलेल्यांना कळेल की असा निकाल द्यायला किती शांत डोकं लागतं.

राजद्रोहाचं कलम १२४-अ मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थगित ठेवलं, आणि १ जुलै २०२४ पासून दंड संहिताच बदलली. भारतीय न्याय संहितेत कलम १५२ आलं आहे : देशाचं सार्वभौमत्व, एकता, अखंडता धोक्यात आणणारी कृती. त्यात इलेक्ट्रॉनिक माध्यमाचा उल्लेख आहे, आणि शिक्षा जन्मठेप किंवा सात वर्षांपर्यंत. म्हणजे मोबाईलवरचा मजकूर त्यात येऊ शकतो. पण मजकूर कोणी लिहिला, कोणाच्या मोबाईलमधून गेला, मोबाईल जप्त करताना सील केला का, प्रमाणपत्र आहे का, आणि त्या मजकुराने काय घडलं किंवा घडायचं होतं, हे सरकारलाच शाबीत करावं लागेल. घरच्या तरुण मुलांना एवढं समजावून सांगा, की पुढे ढकललेला मजकूरही जप्तीत आपल्याच नावावर दिसतो.

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत असतो. तो म्हणतो, तिथे देशद्रोहाला दोन साक्षीदार लागतात, आपल्याकडे एकावरही शिक्षा होते. हे खरं का? मग त्यांचाच कायदा बरा नव्हे?
— एक वाचक, मिरज

उत्तर : तुमचा मुलगा बरोबर सांगतो. अमेरिकेच्या राज्यघटनेतच लिहिलं आहे की एकाच उघड कृतीचे दोन साक्षीदार किंवा भर न्यायालयात दिलेली कबुली, याशिवाय देशद्रोहाची शिक्षा नाही. आपल्याकडे साक्षीदारांची संख्या ठरलेली नाही. आपण साक्ष मोजत नाही, तिचं वजन बघतो.

तिथे हा नियम कसा लागू पडला, ते दोन अपिलांत दिसतं. १९४२ मध्ये जर्मनीने घातपातासाठी पाणबुडीतून काही माणसं अमेरिकेत उतरवली. क्रेमर नावाचा एकजण त्यांतल्या दोघांना न्यूयॉर्कच्या खानावळीत भेटला. पाळत ठेवणाऱ्या तपास अधिकाऱ्यांनी तिघांना खाताना, पिताना, बोलताना पाहिलं. साक्षीदार दोन काय, जास्त होते. पण बोलणं कोणी ऐकलं नव्हतं. १९४५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी शिक्षा रद्द केली : एकत्र बसून पिणं यात शत्रूला मदत कुठे झाली? दोन वर्षांनी त्याच घातपात्यांपैकी एकाच्या वडिलांचं अपील आलं. हाउप्ट त्यांचं नाव. त्यांनी मुलाला घरात ठेवून घेतलं, गाडी घ्यायला आणि नोकरी मिळवायला मदत केली. आसरा देणं ही प्रत्यक्ष मदत, आणि तिला साक्षीदार होते. शिक्षा कायम.

पण दोन साक्षीदार खोटं बोलले तर? इव्हा तोगुरी या अमेरिकेत जन्मलेल्या जपानी वंशाच्या मुलीचं तसंच झालं. युद्ध सुरू झालं तेव्हा ती जपानमध्ये अडकली होती. टोकियो रेडिओवर निवेदन केल्याबद्दल १९४९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत खटला चालला. आठ आरोपांतल्या एकाच आरोपात ज्यूरीने दोषी धरलं : जहाजं बुडाल्याबद्दल ती ध्वनिक्षेपकावर बोलली. दहा वर्षं कैद, दहा हजार डॉलर दंड, नागरिकत्व गेलं. १९५१ मध्ये अपील फेटाळलं. १९७६ मध्ये मुख्य दोन साक्षीदारांनी एका अमेरिकी वार्ताहराला सांगितलं की आमच्यावर दबाव होता, आम्ही पढवलेलं बोललो. १९ जानेवारी १९७७ ला राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी तिला माफी दिली. तेव्हा ती साठ वर्षांची होती.

अपिलाची मर्यादा इथे उघडी पडते. वरच्या न्यायालयापुढे साक्षीदार येत नाही, त्याच्या साक्षीचा कागद येतो. कागदावर साक्ष एकसंध दिसली आणि खालच्या न्यायालयाने साक्षीदाराला खरं मानलं असलं, तर वरचं न्यायालय सहसा त्यात हात घालत नाही. म्हणून तुमच्या मुलाला माझं उत्तर असं सांगा : त्यांचा नियम मला आवडतो, तो घाईला लगाम घालतो, पण उलटतपासणी कच्ची झाली असेल तर कुठलाच नियम माणसाला वाचवत नाही. खटल्यातलं काम खटल्यातच व्हायला हवं.

प्रश्न : आमच्या ओळखीच्या एका कुटुंबातला मुलगा अशाच एका गंभीर खटल्यात आहे. निकाल जवळ आलाय. शिक्षा झालीच तर अपील कुठे, किती दिवसांत? पैसे नाहीत.
— नाव न छापण्याच्या विनंतीवरून, कराड

उत्तर : कुटुंबाला धीर द्या आणि पुढच्या गोष्टी आत्ताच करून ठेवायला सांगा.

सातारा किंवा सांगलीच्या सत्र न्यायालयाचा निकाल असेल, तर अपील आता मुंबईला न्यावं लागत नाही. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू आहे, आपले दोन्ही जिल्हे त्यात येतात. मुदत साधारण साठ दिवस, फाशी असेल तर तीस. राष्ट्रीय तपास यंत्रणेच्या कायद्याखाली विशेष न्यायालयात खटला चालला असेल तर तीसच, त्यामुळे खटला कोणत्या कायद्याखाली आहे ते वकिलांना आजच विचारा. फाशीची शिक्षा कोणी अपील केलं नाही तरी उच्च न्यायालयाकडे मंजुरीला जातेच, आणि तिथे सगळा पुरावा पुन्हा पाहिला जातो.

वकिलांना आणखी एक विचारायचं : खटला भरायला सरकारची पूर्वमंजुरी घेतली होती का, ती रीतसर आहे का आणि कोणत्या निशाणीवर, म्हणजे पुराव्यातल्या कोणत्या क्रमांकावर, आहे. देशाविरुद्धच्या बहुतेक गुन्ह्यांत तिच्याशिवाय न्यायालयाला खटल्याची दखलच घेता येत नाही. खालच्या न्यायालयात न आलेला, पण खरोखर गरजेचा पुरावा अपिलात आणू द्यावा असा अर्जही करता येतो. तो सहज मंजूर होत नाही, पण वाट बंद नाही.

पैशांचं म्हणाल, तर कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तिथे जा, नाहीतर १५१०० या क्रमांकावर फोन करा. मुलगा तुरुंगात असेल तर तो तुरुंग अधिकाऱ्यामार्फतही अपील पाठवू शकतो. कैदेची शिक्षा झाली की निकालाची एक प्रत आरोपीला लगेच आणि मोफत द्यावी लागते, ती मागून घ्या. साक्षींच्या आणि निशाण्यांच्या प्रमाणित नकलांसाठी वेगळा अर्ज त्याच दिवशी करा. निकालाची प्रमाणित नक्कल मिळायला जेवढे दिवस लागतात ते मुदतीतून वगळले जातात, म्हणून त्या अर्जाची तारीख आणि नक्कल तयार झाल्याची तारीख दोन्ही नकलेवर आहेत ना, ते खिडकीवरच तपासून घ्या.